पायथ्याचं पिठलं

ॲरिझोनात बाहेर हिंडायचे दिवस उलटे येतात. आमच्या गावाकडे उन्हाळ्याची सुट्टी लागली की पोरं घरात ठरत नसत. इथे उन्हाळा लागला की पोरं घराबाहेर पडत नाहीत. दारं बंद, पडदे ओढलेले, एसीची घरघर, आणि गाडीत बसायचं तर स्टिअरिंगला हात लावायच्या आधी त्यावर ओढणी गुंडाळायची. दिवाळीचा फराळ संपत आला की मग कुठे हवा माणसात येते. तिथून एप्रिलपर्यंत लोक नुसते बाहेर. कोणी सायकली काढतं, कोणी तळ्यावर होड्या नेतं, कोणी डोंगर चढतं. सगळे त्याला सीझन म्हणतात, आंब्याचा असतो तसा. आणि आंब्यासारखाच तो बघता बघता संपतोही.

सीझनमध्ये आमच्या ओळखीची मराठी घरं महिन्यातला एक रविवार डोंगरासाठी ठेवतात. गावाकडे फोन केला की मीही ऐटीत सांगायचे, "काल आम्ही डोंगरावर गेलो होतो." खोटं नव्हतं ते. सगळे डोंगरावर जात आणि मी पायथ्याशी भाकरी थापत बसे.

हे कसं सुरू झालं ते सांगते, कारण यात कोणाचा दुष्टपणा नाही. तसा असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आम्हाला इथे दादाने आणलं. माझा सख्खा मोठा भाऊ. तो पुण्यात शिकून इंजिनियर झाला, इकडे आला, इथला नागरिक झाला, आणि मग त्याने आम्हाला इकडे आणायचा सरकारी अर्ज भरला. अर्ज भरला तेव्हा माझी मुलगी जन्मलेलीही नव्हती. नंबर लागला तेव्हा ती शाळेत जात होती. विमानाची तिकिटं त्याने काढली. पहिलं घर म्हणजे त्याच्याच घरातली मागची खोली. माझ्या नवऱ्याला गोदामात चिकटवलं ते त्याने, आणि मला किराणा दुकानाच्या मागच्या किचनमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं तेही वहिनीच्या ओळखीने. मी नववी नापास. गणितात गेले. पुन्हा बस, असं घरात कोणी म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. अशा बाईला या देशात कोण विचारणार होतं? दादाने विचारलं. रोज सकाळी देवापुढे हात जोडताना मी हे मनात म्हणते आणि यापुढेही म्हणणार आहे. मला घाबरायची सवय आहे आणि उपकार लक्षात ठेवायचीही. दोन्ही सवयी एकाच खोलीत राहतात. त्यामुळे आत्ता हात जोडले ते भीतीने की मायेने, हे कधी कधी माझं मलाच कळत नाही.

तर पहिल्याच थंडीत दादा आम्हाला डोंगरावर घेऊन गेला; मी चपलांवर होते म्हणून खालीच थांबले. त्याच्या ग्रुपमधले बहुतेक पुण्याचे. निघताना, उतरल्यावर, गाडीत, सगळीकडे त्यांचं एकच चाललेलं, सिंहगड. गड चढून गेलं की वर झोपडीतल्या मावशी चुलीवरचं पिठलं देतात, गरम भाकरी देतात, बुक्कीने फोडलेला कांदा, मडक्यातलं दही. "आणि इथे काय, तर प्रोटीन बार!" असं म्हणून एकाने त्या बारचा कागद असा काही चुरगाळला की सगळे हळहळले. मी सिंहगड पाहिलेला नाही. आमचं गाव चंद्रपूरकडचं, पुण्याला मी दादाच्या लग्नापुरती गेले होते. पण एवढ्या शिकलेल्या माणसांना एखाद्या गोष्टीची इतकी आठवण येते आणि ती गोष्ट मला येते, याचा मला केवढा आनंद झाला होता! मी पटकन बोलून गेले, "मी करीन ना. पिठलं-भाकरी, त्यात काय?"

पुढच्या वेळी केली. पायथ्याशी सरकारी छपरं आहेत, खाली सिमेंटची टेबलं. इथे त्याला रमाडा म्हणतात. तिथे मी गॅसची छोटी शेगडी मांडली, घरून लोखंडी तवा आणि परात नेली, थर्मासमध्ये कढत पाणी. ज्वारीचं पीठ आमच्याच दुकानातलं. वारा शेगडीची ज्योत झोपवायचा म्हणून नवरा पुठ्ठा धरून उभा. लोक डोंगरावरून लाल तोंडांनी खाली उतरले आणि पहिली भाकरी पापुद्रा धरून टम्म फुगली, तेव्हा टाळ्या पडल्या. खरंच टाळ्या. दादाने चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझी बहीण आहे," म्हणाला. या देशात आल्यापासून इतकी ताठ मी कधी उभी राहिले नव्हते.

मग ते दर महिन्याचं झालं. सीझनमागून सीझन गेले. ग्रुप वाढला, परात मोठी घेतली. लोक पहाटेच्या गारव्यात चढायला लागत आणि मी शेगडी पेटवत असे. वहिनीची पाठ धरते म्हणून ती लहान मुलांना घेऊन खालच्या सपाट वाटेवर फिरायची. माझी मुलगी सगळ्यांच्या पुढे पळायची. ती वळणाआड गेली की मी पिठात पाणी घालायचे.

एक गोष्ट मला हळूहळू डाचायला लागली. सिंहगडावर पिठलं वर मिळतं म्हणे. इथे ते खाली, कारण तवा आणि परात घेऊन वर चढणार कोण? म्हणजे तिथल्या बायका निदान रोज गड तरी चढतात. मी तर नुसतीच खालची.

आणि मग ती गंमत झाली. ग्रुपमध्ये एक नवीन जोडपं आलं होतं, पुण्याचंच, दोघं आयटीतले, हसतमुख. तो मुलगा मला एरवी काकू म्हणायचा. त्या दिवशी उतरल्या उतरल्या त्याने फोन माझ्यावर धरला आणि फेरीवाल्याच्या चालीवर ओरडला, "ओ मावशी! दोन पिठलं-भाकरी द्या, एक कांदाभजी! आणि दही मडक्यातलंच पाहिजे हां!"

सगळे हसले. मीही हसले. पीठ लागलेल्या हाताने पदर सारखा केला आणि म्हटलं, "बसा साहेब, आणते." आणखी हसू. व्हिडिओ ग्रुपवर गेला, त्याखाली हसरे चेहरे आले, दादाने अंगठा टाकला.

गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, दॅट वॉज नॉट फनी."

"अगं, गंमत केली त्याने."

"मग तू का हसलीस?"

"सगळे हसले म्हणून."

"एक्झॅक्टली," ती म्हणाली, आणि कानात ते पांढरे इअरफोन खुपसले.

पुढे बसलेला नवरा समोर बघतच म्हणाला, "पोरगी खोटं नाही बोलून राहिली." मग मलाही खिडकीबाहेर बघावं लागलं.

मुलगी वरून आली की फोनमध्ये फोटो दाखवायची. उन्हाने तांबडे झालेले खडक, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखे ते उंच सग्वारो निवडुंग, आणि खाली पसरलेलं काहीतरी करडं. "फोटोत नाही येत ते, आई," असं दर वेळी म्हणायची. "तू बघायला पाहिजेस." मी म्हणायचे, बघीन गं. एक दिवस बघीन. ती दहा-अकरा वर्षांची असल्यापासून आमचं हे चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात तिला कॉलेजात प्रवेश मिळाला, थेट नॉर्थ कॅरोलायनात. तिथल्या कॅरी गावात माझी चुलत नणंद राहते, तिथून जवळ. स्कॉलरशिप मिळाली. मी दुकानात पेढे वाटले. पेढे वाटता वाटता लक्षात आलं की ऑगस्टमध्ये ती जाणार, आणि मे ते ऑगस्ट इथे डोंगराकडे आमच्यातलं कोणी बघतसुद्धा नाही. म्हणजे उरली ती एप्रिलअखेरची, सीझनची शेवटची चढाई. ती चुकली तर माझी पोर ज्या जागेवर उभी राहून मोठी झाली, ती जागा मी तिच्यासोबत कधीच बघणार नव्हते. ती सुट्टीला येईल, पाहुण्यासारखी. पाहुणे आले की मी काय करते, ते मला माहीत आहे. स्वयंपाक करते.

वहिनीचा फोन एप्रिलच्या मध्यावर आला. मी दुकानात होते, फोन खांद्याशी दाबून लाटत होते.

"अगं ऐक, या वेळी तुझ्या लेकीचा सेंड-ऑफच करायचा असं ठरलंय! सगळे येतायत, टेक्सासहून आलेली दोन कुटुंबंपण आहेत. तेवढं पीठ जास्त घे. आणि भरलं वांगं जमेल का? म्हणजे तुला जमत असेल तरच हं."

"वहिनी," मी म्हटलं, "मी या वेळी वर जाणार आहे."

"वर? कुठे वर?"

"डोंगरावर."

"अगं मग जा की! कोण नको म्हणतंय? पहाटे भाकऱ्या करून ठेव, आणि जा."

"गार होतील."

"हो, तेही आहे. गरमचीच तर मजा." वहिनी खरोखर विचारात पडली. "मग असं कर ना, थोडी वर जा, पहिल्या बाकापर्यंत, फोटोबिटो काढ, आणि मग ये खाली. आपले लोक यायच्या आत तवा तापेल."

पोळी माझ्या हाताखाली नकाशासारखी वाकडी झाली होती. "नाही वहिनी. मी करणारच नाहीये या वेळी. काहीतरी बाहेरून मागवू या. मी संत्री आणीन."

मग ती म्हणाली, "बरं, मी ह्यांना सांगते." मी वाकड्या पोळीचा पुन्हा गोळा केला.

दादाचा फोन संध्याकाळी. तो चिडला की आवाज चढवत नाही, उतरवतो.

"काय झालं? कोणी काही बोललं का तुला?"

"नाही रे."

"मग? तुझ्याच पोरीसाठी चाललंय ना सगळं? टेक्सासच्या लोकांना मी मुद्दाम सांगितलंय, आमच्या बहिणीच्या हातची भाकरी खा म्हणून. आता काय सांगू, पिझ्झा खा?"

"दादा, तू आमच्यासाठी जे केलंस, ते मी विसरलेली नाही."

"मी ते काढलं का?"

"नाही काढलंस. मीच काढतेय. मी विसरणार नाही. पण भाकरी करणार नाही."

"अगं पण एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"तेच म्हणतेय मी. एकच दिवस आहे."

तो "ठीक आहे" म्हणाला आणि फोन ठेवला. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आता तो आम्हाला परत पाठवील, असा एक खुळा विचार मनात येऊन गेला. नागरिकत्वाची शपथ घेऊन झाली आहे माझी, मला कोण कुठे पाठवणार? पण भीतीला कागदपत्रं वाचता येत नाहीत. नवऱ्याने चहा पुढे केला. "कायले एवढी भिऊन राहिली? भाकरीच नाही म्हटलं नं, राखी तर नाही तोडली."

निघायच्या दिवशी पहाटे त्यानेच माझी पाठीवरची पिशवी भरली. बाटल्या, शेंगदाण्याचे लाडू, मीठ-साखरेची पुडी, आणि एक कांदा.

"बाबा, व्हाय?" मुलीने कांदा दोन बोटांत धरून विचारला.

"ऊन लागत नाही त्यानं. आमच्याकडे बैलगाडीत बसतानाही खिशात कांदा असतो."

"इट्स अ व्हेजिटेबल, बाबा."

"हो मग? तुमची सनस्क्रीन काय मोठी कामधेनू आहे का?"

कांदा पिशवीत गेला. नवऱ्याचा गुडघा खराब, तो खालीच थांबणार होता. छपराखाली त्याने संत्र्यांची जाळी सोडली आणि टेबल पुसायला घेतलं. लोक जमत होते. प्रत्येकाची नजर आधी टेबलाकडे, मग माझ्या पायातल्या मुलीच्या जुन्या बुटांकडे जात होती. कोणी काही वाईट बोललं नाही. "अरे वा काकू, आज तुम्हीपण?" "ग्रेट यार, काकू!" टेक्सासच्या एका बाईंनी मात्र दादाला हळूच विचारलं, "मग ते पिठलं...?" आणि दादा म्हणाला, "आज नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी घातली आणि सगळ्यांच्या आधी चालायला लागला.

सुरुवातीची वाट सोपी होती. बाजूला हिरव्या खोडाची झाडं, पिवळ्या फुलांनी लगडलेली. छोट्या तुऱ्याचे पक्षी एका ओळीत धावत होते, शाळेच्या पोरांसारखे. मग वाट दगडांत शिरली आणि माझा श्वास लोहाराच्या भात्यासारखा वाजायला लागला. सगळे मला मागे टाकून गेले. तो व्हिडिओवाला मुलगा जाताना म्हणाला, "काकू, सावकाश या हां, घाई नाही." मी मान हलवली. बोलायला हवा शिल्लक नव्हती.

मुलगी माझ्या पुढे दहा पावलं, मग थांबायची, मग पुन्हा. तिला असं चालायची सवय नाही, ते तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

"तू जा पुढे," मी म्हटलं.

"नो."

"अगं तुझे मित्र गेले."

"आई, प्लीज. चाल फक्त."

एका वळणावर मी बाजूला सरकले आणि पोटरीत कोणीतरी सुया खुपसल्या. चोया म्हणतात त्या निवडुंगाला. त्याचा गोळा नुसता जवळून गेलात तरी उडी मारून चिकटतो, असं इथले लोक सांगतात. मी घाबरून तो हाताने उपटायला गेले.

"आई! डोन्ट टच!"

तोवर हात लावून झाला होता. आता तो पोटरीला आणि तळव्याला, दोन्हीकडे. मी रडकुंडीला आले आणि मुलगी, माझी मुलगी, शांतपणे बॅगेतून कंगवा काढत होती. साधा, केस विंचरायचा. "खाली बस. बघू नकोस." तिने कंगव्याचे दात गोळ्याच्या खाली सारले आणि एका झटक्यात तो लांब भिरकावला. मग तळव्यातले काटे एकेक करून काढले, चिमट्याने. तोंडाने मला बोलत होती, "वॉच व्हेअर यू स्टेप ना, आई, किती वेळा सांगायचं," हुबेहूब माझ्या स्वरात. मला इतकं हसू आलं की काटा निघाला तो कळलाच नाही.

"सगळे कंगवा ठेवतात बॅगेत?" मी विचारलं.

"एव्हरीवन."

मी इतकी वर्षं पायथ्याशी होते आणि हे मला माहीत नव्हतं.

अर्ध्याच्या वर एक खिंड लागते. तिथे पोचलो तेव्हा सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला होता. एका मोठ्या दगडाच्या सावलीत दादा बसला होता. एकटा, बूट सैल केलेले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"गेले पुढे."

"आणि तू?"

"येतो मागून."

मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "मामा ऑलवेज वेट्स हिअर. लास्ट इयरपासून. गुडघा दुखतो त्याचा."

दादाने ते ऐकलं. "हिच्या मामीला सांगू नका," तो म्हणाला. "तिला वाटतं मी वर जातो."

मी त्याच्या शेजारी बसले. त्याच्या कानामागे घामाचं मीठ पांढरं झालं होतं. माझ्यापेक्षा इतका मोठा आहे हे मी विसरूनच गेले होते. मुलगी थोडी दूर जाऊन उभी राहिली. तिला कळतं कधी दूर जायचं ते.

"इथून खाली उतरताना डोक्यात एकच असतं," दादा म्हणाला. "खाली तवा तापलेला असेल. आईची भाकरी तुझ्या हातात उतरली आहे. खरं सांगतो."

एरवी एवढ्यावर मी विरघळले असते. त्या दिवशी माझ्या पोटरीत अजून चुरचुरत होतं.

"आईला कधी कोणी विचारलं का रे, तुला कुठे जायचंय म्हणून?"

"आता यात आई कुठून आली?"

"तूच आणलीस."

तो ओठ मुडपून हसला, लहानपणी हरल्यावर हसायचा तसा. मग पुन्हा गंभीर झाला. "तरी हे बरं नाही केलंस. लोकांपुढे मला कसंनुसं झालं."

"बरं नसेल केलं," मी म्हटलं. "पण केलं."

हे शब्द माझ्याच तोंडातून आले. दादाशी मी अशी कधी बोलले नव्हते. आभाळ फाटलं नाही. एक सरडा दगडावर आला, त्याने दोन उठाबशा काढल्या आणि गेला.

मुलगी परत आली, माझ्या बाटल्या उचलून पाहिल्या आणि तिचा चेहरा पडला. "आई, हाफ संपलं."

नियम मलाही माहीत होता. पायथ्याच्या पाटीवर चित्रासकट लिहिलेला आहे, मी दर महिन्याला त्याच पाटीखाली पीठ मळलं आहे. अर्धं पाणी संपलं की मागे फिरायचं. इथलं ऊन गमतीत घ्यायचं नसतं. दर उन्हाळ्यात हेलिकॉप्टर कोणाला तरी उचलून नेताना आम्ही बघतो.

"इट्स ओके," मुलगी म्हणाली. "इथपर्यंत आलीस ना. इथूनपण छान दिसतं." ती खरोखर समजूत घालत होती. पण तिने वरच्या वाटेकडे एकदा बघितलं, आणि ते बघणं मला दिसलं.

"मला वर जायचंय," मी म्हटलं.

"आई, रूल आहे."

"माहीत आहे. पण मला वर जायचंय." एवढं मोठ्याने मी या देशात काहीच म्हटलेलं नव्हतं. दुकानात नाही, शपथ घेतानाही नाही. खिंडीत आवाज घुमतो, तेव्हा ते वाक्य मलाच परत ऐकू आलं.

दादाने बॅग ओढली. आतून एक न उघडलेली बाटली काढली, मग दुसरी. "मी सावलीत आहे. आत्ता सगळे येतील, त्यांच्यासोबत उतरेन. मला काय करायच्यात दोन-दोन?" तो माझ्याकडे न बघताच बोलत होता. एक त्याने स्वतःजवळ ठेवली, दुसरी माझ्या पिशवीत घातली. आत त्याला कांदा सापडला. त्याने तो हातात घेऊन पाहिला, वास घेतला, आणि परत ठेवला. "ऊन चढायच्या आत ये," म्हणाला. "आणि राग गेलाय असं समजू नकोस."

"नाही समजत."

वरचा चढ मी पायांनी कमी आणि हातांनी जास्त चढले. बाकीचे लोक उतरताना भेटले. व्हिडिओवाल्याने हात पुढे करून मला एका खडकावर ओढून घेतलं. मग सवयीने विचारून गेला, "काकू, मग आज खाली जेवायला?" आणि स्वतःच जीभ चावली.

"संत्री आहेत," मी म्हटलं आणि पुढे निघाले.

शेवटची काही पावलं मुलगी माझ्या मागून चालली. पडले तर धरायला, असं तिने मला मागून सांगितलं. मग वाटच संपली. पुढे चढायला काही नव्हतं.

काय दिसलं म्हणाल, तर आमचंच गाव. करडी छपरं, सरळ रेघा मारल्यासारखे रस्ते, मधे मधे निळे ठिपके, म्हणजे लोकांचे पोहायचे हौद. लांब डोंगरांच्या मागे डोंगर, एकेक फिका होत गेलेला. मुलीने बोटाने दाखवलं, ती शाळा, तो कालवा, ते तुझं दुकान. दुकान म्हणजे एक पांढरा चौकोन, मी त्यात रोज असते. तिने जे जे दाखवलं ते तिला पाठ होतं. इतकी वर्षं ती इथे उभी राहून माझं दुकान शोधत होती, हे मला माहीत नव्हतं.

मी खालचं छप्पर शोधलं, जिथे आमचे लोक बसतात ते. सापडलं नाही. पुढे वाकून पाहिलं तरी नाही. डोंगराचं पोटच मधे येतं. वरून पायथा दिसतच नाही. मग इतक्या वर्षांचा माझा राग एकदम जरा हलका झाला. आणि थोडा जड. त्यांना खरंच दिसत नव्हतं. पण कोणी वाकूनही बघितलं नव्हतं.

"आय थॉट तू कॅन्सल करशील," मुलगी म्हणाली. "शेवटच्या मिनिटाला. मामाचा फोन आल्यावर."

"मलाही तसंच वाटत होतं."

ती माझ्या खांद्याला टेकली, घामाने चिकट, माझ्याहून उंच. वारा होता, त्यात अजून थोडा गारवा होता. तिचा फोन वाजला. तिने वाचलं. "मामीचा मेसेज आहे. सगळे खाली आलेत, भूक लागलीये, विचारतायत आपण कधी उतरतोय." तिने वर पाहिलं. "आई, जायचं का? दे आर ऑल वेटिंग."

"थांबू दे," मी म्हटलं. दगड बघून बसले, बूट काढले, मोजे काढले, आणि पाय लांब पसरले.